चांदणी गिळलेली खारूताई

लिंबोणीच्या बागेत, पिवळ्याधमक फुलपाखरांच्या शेजारात, हौसा आणि तिचा धाकटा भाऊ बारकू राहायचे. आईबाप नव्हते. बागेतला पालापाचोळा झाडायचा आणि मिळेल ती भाकरी दोघांत मोडायची, असं त्यांचं चाललेलं.

एका कलत्या दुपारी भुकेल्या बारकूने बोरं समजून निजफळं खाल्ली. इवली इवली, निळी निळी, चमचमणारी. ती खाऊन जो दिवेलागणीआधी झोपतो, तो पुन्हा उठत नाही. गावातल्या सगळ्या मोठ्यांना हे माहीत होतं. बारकूला कुणी सांगितलं नव्हतं. मोठी माणसं दिवसभर सांगत असतात, नेमकं हवं ते सोडून.

गाव धावून आलं. बारकूला जागं ठेवायचं म्हणून पाटीलआजोबा गोष्ट सांगायला बसले. सुरुवातच केली ती ‘लोभ वाईट असतो’ अशी. भुकेल्या पोराला! मग त्यांनी शेवट सांगितला आणि मग उरलंसुरलं मधलं. मास्तरांनी तर गोष्ट गाळून नुसतं तात्पर्यच सांगितलं. बारकूच्या पापण्या जड झाल्या. त्याच्या डोळ्यांवर मारायला गार पाणी आणावं म्हणून हौसा तांब्या घेऊन ओढ्याकडे पळाली.

वाटेत बाभळीच्या डिंकात एक एवढीशी परी अडकली होती. तिचे मोरपंखी पंख थरथरत होते. हौसाला थांबायला वेळ नव्हता, तरी ती थांबली. बोटाला थुंकी लावून तिने पंख हळूच सोडवले.

“माग काहीतरी, बाळ,” परी म्हणाली.

“बारकूला बरं कर.”

“निजफळापुढे माझं काही चालत नाही गं. पण जागं ठेवणारी गोष्ट देते. शेवट आधी सांगायचा नाही. आणि तात्पर्य कधीच नाही. नियम मोडला की गोष्ट विझेल.”

परी तिच्या केसांत बसली. पाणी घेऊन हौसा परतली, तेव्हा बारकूची मान कलली होती. पाण्यानेही तो नीट जागा होईना. तिने गोष्ट सुरू केली.

“एक होती खारूताई. तिने चांदणी गिळली. मग काय, पोटातला उजेड बाहेर दिसायला लागला. कुठेही लपली तरी दिसायचा. आणि समोरच्या झाडावर घुबड जागं झालं.”

एवढं बोलून ती थांबली. तिचे शब्द सोनेरी काजव्यांसारखे हवेत तरंगत होते.

बारकूने एक डोळा उघडला. “मग?”

तेवढ्यात आजोबांनी तोंड घातलंच. यावरून बोध असा, की दुसऱ्याची वस्तू... काजवे विझले. बारकूचा डोळा मिटला.

“आजोबा, गप्प बसा,” हौसा म्हणाली. त्यांना असं आजवर कुणी बोललं नव्हतं. बोलायला हवं होतं.

तिने खारूताईला पळवलं, पानांआड दडवलं, शेपटीने पोट झाकायला लावलं. काजवे पुन्हा उजळले. पण ऊन अजून टेकडीवर होतं. “घुबड झेपावलं, आणि...” पुढचं तिला सुचेना.

बारकू उठून बसला.

“मला माहितीये. खारूताईने आ केला आणि सगळा उजेड घुबडाच्या डोळ्यांत सोडला. पण तेवढ्यात तिची फांदी मोडली.”

आणि हौसासारखाच तो तिथे थांबला.

‘मग? मग?’ करता करता ऊन टेकडीआड गेलं आणि घराघरांत दिवे लागले. निजफळाचं विष उतरलं. परी हौसाच्या केसांतून वर उठली, गुलाबी झाली, रुपेरी झाली आणि लखलखत उजेडात विरून गेली. कुणीच पाहिलं नाही. हौसानेही नाही. फांदी मोडली होती, आणि खारूताई कुठे पडली ते तिलाही ठाऊक नव्हतं.