टिटवीचा वाटा

माळरानावर टिटवी सगळ्यांसाठी बातम्या ओरडायची आणि त्यापायी दर घराला मूठभर दाणे द्यावेच लागायचे, त्या काळची गोष्ट.

वसुलीला आलेल्या खारीवर लेकुरवाळी सशीण उखडली. "खारूताई, मी तिचं ऐकतच नाही! आधी पाणवठ्याची बातमी, मग ते रटाळ भजन. कशीबशी झोपवलेली पिलं दचकून उठतात. आधीच मला आईपण धड जमत नाही. मी का म्हणून देऊ?"

तेवढ्यात टिटवी ओरडली, "घार आली, घार!"

सशिणीने सगळ्यांना करवंदीच्या जाळीत ढकललं आणि घाबरून चार पिलं मोजली, तर पाच भरली. पाचवी खार होती.

घार रिकाम्या पायांनी गेली. चेंगरलेली खार म्हणाली, "ऐकत नाहीस ना गं?"

सशिणीने मान फिरवली. "घारीचे दाणे घेऊन जा. भजनाचे मी देणार नाही."