धुराचं भाडं

कोणे एके काळी, म्हणजे तुमच्या-माझ्या पणज्यांच्याही पणज्या परकर नेसून खेळत होत्या तेव्हा, नदीकाठी एक गाव होतं. गावात एका मालकाची घरांची लांबलचक ओळ होती. कुणाचं घर चार खणांचं, कुणाचं एका खणाचं. भाडं मात्र सगळ्यांना सारखं. कारण त्या गावात भाडं जागेवर नव्हतं, माणसांवरही नव्हतं. भाडं होतं चुलीवर.

ही रीत मालकाच्या आजोबांनी घातलेली. त्यांना घरोघर फिरायचा भारी कंटाळा. म्हणून सकाळी देवळाच्या पायरीवर उभं राहायचं, ओळीतून किती धूर निघतात ते पाहायचं आणि धुरामागे ठरलेली ज्वारी मागायची. धूर नाही तर भाडं नाही. भाडं थकलं नसेल तर पाडव्यापासून पाडव्यापर्यंत कुणाला घराबाहेर काढायचं नाही. आळशी माणसाचा नियम असा सुटसुटीत असतो. तो कुणाच्या मानेवर बसतो हे बघायचाही त्याला आळसच असतो.

ओळीच्या टोकाला, एका खणाच्या घरात, भिवरा राहायची. नवरा नाही, लेकरू नाही. पळसाची पानं आणायची, पत्रावळी लावायच्या आणि लग्नकार्याच्या घरी नेऊन द्यायच्या, हा तिचा धंदा. शेजारी चार खणांत थोरल्या काकूंचं खटलं. सासू-सासरे, दीर-जावा, पोरंटोरं मिळून अकरा माणसं. त्यांच्यात कमावते हात पुष्कळ, त्यामुळे भाड्याची ज्वारी गेलेली कळायचीसुद्धा नाही. भिवराची मात्र निम्मी कमाई भाड्यात जायची. उरलेल्यात एका वेळी भाकरी आणि एका वेळी आंबील.

घर सोडावं म्हटलं तर एक भाऊ होता. पण त्याच्या ओसरीवर पथारी टाकायची आणि भावजयीच्या कपाळावरच्या आठ्या बघत जेवायचं, हे भिवराला नको होतं. तिला स्वतःचं दार हवं होतं. आतून कडी लावली की कुठे गेलीस, केव्हा आलीस, हे विचारणारं कुणी नाही, असं दार.

एका वर्षी मालकाने भाडं वाढवलं. आता भाडं दिलं तर आंबीलही उरणार नव्हती. भिवरा त्याच्या ओट्यावर गेली.

"मालक, मी एकटी. एक खण आणि एक भाकरी. अकरा माणसांएवढं भाडं माझ्याकडून कसं घेता?"

"चूल एकच ना? मग भाडंही एकच," मालक म्हणाला. "एकट्या बाईला घर दिलं हेच उपकार समज. परवडत नसेल तर भावाकडे जा."

ओट्याखाली काकू उभ्या होत्या. त्यांनीही तोंड घातलं, "अगं, लग्न करून टाक. भाडं आपोआप अर्ध्यावर येईल."

"भाडं वाचवायला नवरा करू, काकू? मग त्याला खायला घालायचं ते कुठून आणू?"

लोक हसले. भिवरा घरी आली, चुलीपुढे बसली, आणि तिला रडू आलं. पण रडण्यापेक्षा राग मोठा होता. एवढ्याशा चुलीसाठी आपण राबतो, आणि चूल आपल्याला गिळते. तिने तांब्या उचलला आणि निखाऱ्यांवर ओतला.

दुसऱ्या दिवशी तिने चुलीचे तीन दगड पाटीत घातले आणि गावाबाहेरच्या चिंचेखाली नेऊन मांडले. ती जमीन कुणाच्याच मालकीची नव्हती. तिथे भाकरी भाजायची आणि झोपायला आपल्या घरी यायचं. लोकांनी तिला वेड्यात काढलं. पण ओळीत एकटी राहणारी आणखीही तिघं होती. एक विधुर पहारेकरी, एक सुईण आणि परगावाहून आलेला एक रंगारी. पहारेकरी चिंचेखाली आला आणि म्हणाला, "पोरी, मीठ माझं." सुईण डाळ घेऊन आली. रंगाऱ्याला स्वयंपाकातलं काहीच येत नव्हतं, त्याला सगळ्यांनी सरपण आणायला लावलं. वाऱ्याने धूर डोळ्यांत जायचा, पावसात छत्रीसारखी पत्रावळ धरून भाकरी थापावी लागायची. तरी एका चुलीवर चौघांचं भागत होतं.

मालकाने देवळाच्या पायरीवरून पाहिलं, तर ओळीतले चार धूर गायब. तो तणतणत चिंचेखाली आला.

"भाडं कुठाय?"

"कशाचं?" भिवरा भाकरी उलटत म्हणाली. "आमच्या घरात चूल नाही. नियम तुमच्या आजोबांचा आहे."

"मग घरं रिकामी करा."

"पाडवा लांब आहे. आणि थकलेलं भाडं तर काहीच नाही."

मालकाने पंच बोलावले. सगळी ओळ चावडीपुढे जमली. पंचांनी ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "बाई रीतीला धरून बोलते आहे."

मालकाचा तोल गेला. "असं आहे काय? तर मग आजपासून चुलीवर नाही, माणशी भाडं घेईन. जितकी डोकी तितकी ज्वारी."

थोरल्या काकू पदर खोचून उभ्या राहिल्या.

"माणशी? आमची अकरा डोकी आहेत. बारावं धाकट्या जावेच्या पोटात आहे. त्याचंही घेणार का?"

झालं. ज्यांना इतकी वर्षं भिवराचं दुःख भिवराचं वाटत होतं, ती सगळी घरं एकदम उठली. आम्ही पण चिंचेखाली चुली मांडतो, असं कुणीतरी मागून ओरडलं. मालकाला डोळ्यांपुढे आपली धुराविना ओळ दिसली असावी. तो खाली बसला.

पंचांनी निवाडा केला. यापुढे भाडं जागेवर. एका खणाला एका खणाचं, चार खणांना चार खणांचं. चूल पेटली काय, विझली काय, मालकाने बघायचं नाही. काकूंचं भाडं त्यामुळे थोडं वाढलं. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण बारा डोक्यांच्या मानाने ते बरं म्हणून दिलं.

भिवराने तीन दगड परत घरी आणले आणि चूल पेटवली. त्या दिवशी दोन्ही वेळा भाकरी झाली. मालक दारावरून जाताना थबकला.

"भिवरा, एवढा तमाशा कशाला? नीट सांगितलं असतंस तर ऐकलं असतं."

"नीटच सांगितलं होतं, मालक," भिवरा म्हणाली. "पण तेव्हा माझी चूल पेटलेली होती, म्हणून तुम्हाला ऐकू आलं नाही."

आणि तिने आतून कडी लावली.

म्हणून सांगतो, लहानथोरांनो: एकटं माणूस काही अर्धं माणूस नसतं, आणि त्याच्यावर अकरा जणांचं ओझं लादणारा नियम मुकाट्याने पाळणं हे शहाणपण नव्हे.