आमोसची उरलेली आठवण

"लिहू की नको, एवढंच सांगा मास्तर. उपदेश नको."

शांतवन मास्तर पाव कापत होते. उद्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन, सगळ्यांना पाव वाटायचा, आणि त्या पावाचे तुकडे करायचं काम चाळीस वर्षं त्यांच्याकडेच होतं. डोळे जाऊन बारा वर्षं झाली, पण सुरी अजून एकदाही बोटाला लागली नव्हती. चर्चमागच्या आपल्या खोलीत ते नेहमीसारखे दाराकडे पाठ करून बसले होते.

समोर फीबी वाघचौरे. एकवीस कादंबऱ्यांच्या लेखिका. सगळ्या कादंबऱ्या प्रेमाच्या आणि सगळ्या अगदी देवभीरू. नायिकेचा हात धरायचा तरी यांचा नायक आधी गुडघे टेकून प्रार्थना करतो, आणि तोवर वाचणाऱ्या बायकांचे पदर ओले झालेले असतात. बाईंना पहिली गोष्ट लिहायला लावली ती याच मास्तरांनी, संडे स्कूलमध्ये. मास्तरांचा त्यांना अभिमान होता. स्वतःचा जरा जास्तच होता.

"काय लिहायचंय?"

"माझ्या आठवणी. प्रकाशक मागे लागलेत. आमोसबद्दल लिहा म्हणतात. तुमचा खरा नायक कोण होता ते वाचकांना कळू दे."

आमोस म्हणजे बाईंचा नवरा. बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"मग लिही की."

"भीती वाटते."

सुरी थांबली. हा शब्द बाईंनी आजवर फक्त नायिकांच्या तोंडी घातला होता.

"आमोस हसायचा कसा, सांग बरं," मास्तर म्हणाले.

"आधी डोळ्यांत हसायचा. मग मान मागे टाकून, मोठ्यानं..."

"हा तुझ्या तिसऱ्या कादंबरीतला डॉक्टर झाला. मला वाचून दाखवलीय ती. आमोस माझ्यासमोर लहानाचा मोठा झाला, फीबी. पुढचा दात पडलेला होता त्याचा. तो तोंडावर हात धरून हसायचा."

बाईंनी डोळे मिटले. नवऱ्याचा चेहरा आठवून पाहिला. आला तो डॉक्टर, कपाळावर केसांची बट घेऊन.

दात काही आठवेना...

"हेच सांगायला आले," त्या म्हणाल्या. "जे जे लिहिलं, ते ते माझ्याजवळून गेलं. त्याचं हसणं डॉक्टरला दिलं, चालणं दुसऱ्या एका कादंबरीतल्या फौजीला दिलं. आता आमोसला मनात हाक मारली, की ते एकेक जण येऊन उभे राहतात. तो येत नाही."

"गेलं म्हणजे कुठं गेलं?"

"जालन्याला एक वाचक भेटली. म्हणाली, तुमच्या नायकाची आई कंदील लावते तो प्रसंग फार आवडला. काचेला बोट भाजतं आणि ती पटकन कानाची पाळी धरते, ते तर फारच."

"बरं मग?"

"कंदील मी लिहिला होता, मास्तर. बोट नव्हतं लिहिलं. ते माझ्या आईचं बोट होतं. मी साफ विसरले होते, आणि त्या परक्या बाईला आठवत होतं."

...

बाहेर टळटळीत दुपार होती, तरी बाईंच्या अंगावर काटा आला. कुठं पाखराचा आवाज नाही. चर्चला जाळ्या बसवून वीस वर्षं झाली, तेव्हापासून या आवारात पारवासुद्धा घुमत नाही.

"आता काय उरलंय?" मास्तरांनी विचारलं.

"एकच."

"सांग."

"नाही!"

ती आठवण बाईंनी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितली नव्हती. पोटच्या लेकींनाही नाही. ईस्टरच्या आदल्या दुपारी रिकाम्या चर्चमध्ये आमोस पेटी उघडून बसला होता, दाराकडे पाठ करून. फीबी फुलं घेऊन अनवाणी आत आली. दोघांची धड ओळखही नव्हती. तो वळला नाही. नुसतं म्हणाला, "दार लोटून घे, फिबू. पारवे आत येतात." त्याआधी तिला फिबू कुणी म्हटलं नव्हतं, आणि तो गेल्यावर कुणी म्हणणार नव्हतं. मीच आले हे तुला न बघता कसं कळलं, असं तिनं पुढं शंभरदा विचारलं. तो म्हणायचा, म्हातारपणी सांगेन. पण म्हातारा व्हायला तो राहिलाच नाही.

"लिहिली तर तीही जाईल," बाई म्हणाल्या. "मग माझ्याजवळ आमोस नावाचं काही उरणार नाही. नाही लिहिली तर माझ्याबरोबर मातीत जाईल. सांगा, काय करू?"

मास्तरांनी पावाचा एक तुकडा उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला.

"मूठ मिट."

बाईंनी मिटली.

"किती वेळ?"

"तुला हवा तितका."

"बुरशी येईल."

"येईल."

"खाल्ला तर?"

"संपेल."

"हे काय उत्तर झालं?" बाई चिडल्या. एकवीस कादंबऱ्यांच्या लेखिकेला अशी कोडी घालायची म्हणजे काय!

"तुकडा कुणाचा, ते तू विचारलंच नाहीस."

"माझी आठवण माझी नाही, तर कुणाची?"

मास्तरांनी ताट त्यांच्यापुढं सरकवलं.

बाईंनी तुकडा ताटात परत ठेवला आणि उठल्या. जुन्या खटल्याचा निकाल लागावा तसं त्यांना हलकं वाटत होतं.

"नाही लिहीत. ठरलं. एवढा एक आमोस माझा एकटीचा. कुणाला देणार नाही."

मास्तरांनी मान हलवली आणि पुन्हा पाव कापायला घेतला. बाई उंबऱ्यापाशी आल्या. चपला पायांत सरकवायला वाकल्या, आणि मागे सुरीचा आवाज थांबला. मास्तर वळले नव्हते. पाठ तशीच दाराकडे होती.

"दार लोटून घे, फिबू," ते म्हणाले. "पारवे आत येतात."