वाटेने खाल्लेला कोळसा

पूर्वी शूर्पारक बंदरावर राजा सुधन्वा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व तिथल्या एका श्रेष्ठीच्या, म्हणजे बड्या व्यापाऱ्याच्या, कुळात जन्मले होते आणि पुढे स्वतः श्रेष्ठी झाले. समुद्रापलीकडच्या देशांत इथल्या लोखंडाला मोठी मागणी होती. पण ते गाळले जाई चार दिवसांच्या वाटेवरच्या डोंगरी रानात. श्रेष्ठींनी राजाला सुचवले, "भट्ट्याच बंदरावर आणू. गलबते खोळंबणार नाहीत." राजाने लोखंडाचा सगळा व्यापार ताम्रपटाने त्यांना दिला.

लोखंड गाळणाऱ्यांचा म्होरक्या काळक रानातून आला. समुद्र त्याने पहिल्यांदाच पाहिला. पाण्याला दुसरा काठच नाही, हे लक्षात येताच त्याने कमरेचे फडके चाचपले. त्यात बांधलेला एक कोळसा होता. नव्या भट्टीत पहिला कोळसा जुन्या भट्टीचा पडावा, अशी त्यांची रीत.

रानातून कोळशाच्या गाड्या आल्या. काळकने त्यांतला एक कोळसा दगडावर टाकून कान दिला.

"धनी, हा मुका झालाय. आमच्याकडं कोळसा वाजतो."

भट्टीवर देखरेखीला आलेला राजाचा अमात्य विरूपाक्ष हसला. "आता कोळशाकडून गाणी म्हणवून घेतोस काय रे? पेटव!"

काळकने भट्टी पेटवली. फडक्यातला कोळसा मात्र घातला नाही. मुक्यांच्या संगतीला तो द्यायला त्याचा जीव होईना. तीनदा भट्टी लावली, तिन्ही वेळा ती गुदमरली. लोखंडाचा गोळा काही निघाला नाही.

"याने जुना कोळसा लपवला, मुद्दाम भट्टी बिघडवली," अमात्य राजसभेत म्हणाला. राजाने काळकचा उजवा हात तोडण्याची आज्ञा दिली. काळक आपल्या हाताकडे पाहत राहिला. भात्याची दोरी आता कोण ओढणार, एवढेच त्याच्या मनात आले.

तेव्हा श्रेष्ठी उठले. त्यांनी काळकच्या फडक्यातला कोळसा मागून घेऊन सभेच्या फरशीवर टाकला. काशाचे भांडे वाजावे तसा तो खणखणला. मग गाडीतला एक आणवून टाकला. त्याचा भुगा झाला.

"महाराज, गाडीच्या चार दिवसांच्या धक्क्यांनी वाटेनेच हा कोळसा खाल्ला. त्याच्या भुकटीने भट्टीचा वारा कोंडला. एक गाडी लोखंडाला कित्येक गाड्या कोळसा लागतो, तरी मी लोखंड सोडून कोळसाच ओढत आणला. मी समुद्र मोजला, रान मोजले नाही. हात तोडायचा तर माझा तोडा."

त्यांनी ताम्रपट राजापुढे ठेवला आणि त्यावर आपला हात. राजाने काळकचा आणि श्रेष्ठींचा, असे दोन्ही हात न तोडता सोडून दिले. ताम्रपट मात्र ठेवून घेतला. व्यापार सर्वांना खुला झाला आणि भट्ट्या रानातच राहिल्या.

निघताना काळकने जुन्या भट्टीचे लोखंड गलबतावर चढताना पाहिले.

"हे कुठं जाणार, धनी?"

"मीही न पाहिलेल्या देशात. तिथली भुई तुझ्या लोखंडाने नांगरली जाईल."

काळकने हात जोडले. समुद्राला की लोखंडाला, ते त्यालाही कळले नाही.

ही पूर्वजन्मीची गोष्ट सांगून शास्ते, म्हणजे भिक्षूंचे गुरू भगवान, त्यांना म्हणाले, "तो काळक म्हणजे विहाराची घंटा वाजवणारा हा वृद्ध भिक्षू. घंटा फुटली म्हणून काल त्याचे ऐकून न घेताच त्याला दोष देणारा भिक्षू, तो अमात्य. त्या दोष देणाऱ्याचे खरे मानणारे आपले स्थविर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, तो राजा. आणि श्रेष्ठी मीच होतो."

स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने सांगणे, ही बोधिसत्त्वांची सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, होय.