परत जाण्याचा पुरावा

"परत जाशील कशावरून?" परवाना कचेरीतल्या भिकाजीपंतांनी कपाळाला आठ्या घालून सगुणाला विचारलं.

शारदानगरीच्या नेत्रवैद्यांच्या पाठशाळेने तिला कधीच होकार कळवला होता. पण परक्या मुलखातल्या माणसाला तिथे राहून शिकायचं तर राजाचा परवाना लागे, आणि घोडं तिथेच अडलं होतं. दसरा चार दिवसांवर आला होता. दसऱ्याला जो पाठशाळेत पाटीपूजन करील तो विद्यार्थी, बाकीच्यांनी पुढच्या दसऱ्याला यावं, असा तिथला रिवाज. विद्या सहा महिन्यांची, पण चुकलं की वर्ष गेलं! आणि सगुणाच्या बापाकडे वर्ष नव्हतं. धोटेगावचे कोष्टी चाळिशीतच डोळ्यांनी अधू होत. तिचा बाप तर आताच मागावरचे धागे बोटांनी चाचपून मोजायला लागला होता. शारदानगरीचे वैद्य भारी हुशार, पण वेशीबाहेर पाऊल टाकायचं नाही, ही त्यांची शान. तेव्हा ती विद्या कुणीतरी शिकून गावात आणणं भाग होतं.

आता परवाना कचेरीचाही एक रिवाज होता. एका फेरीला एकच त्रुटी सांगायची! "सगळे कागद एकदम पाहिले की आमचं डोकं गरगरतं," असं पंत म्हणत. शिवाय परवाना नसलेल्याने सूर्यास्ताच्या आत वेशीबाहेर पडायचं, हा कायदा. त्यामुळे सगुणा चार कोस चालत यायची, एक त्रुटी ऐकायची आणि चार कोस चालत घरी जायची.

पहिल्या फेरीला जन्माच्या दाखल्यावर सुईणीचा अंगठा नव्हता. मग तसबिरीत डावा कान दिसत नव्हता. नवी तसबीर आणली, दोन्ही कान ठसठशीत, तर पंत म्हणाले, "यात तू हसते आहेस. शिकायला निघालेल्या माणसाला हसू येतं कशाचं?" गावच्या गुरुजींनी लिहून दिलं, मुलगी फार हुशार आहे. पंतांनी मान हलवली. "इतकी हुशार मुलगी परत कशाला जाईल?" गुरुजींनी बिचाऱ्यांनी दुसरं पत्र दिलं, मुलगी बेताचीच आहे. "मग शिकून काय दिवे लावणार?" शेवटी 'हुशार आहे, पण फार नाही' या पत्रावर पंतांचं समाधान झालं. अशा तेरा फेऱ्या झाल्या. आज चौदावी, आणि आज हा प्रश्न!

"माझे बाबा तिकडे आहेत," सगुणा म्हणाली.

"त्यांना इकडे बोलावशील."

"घरी माग आहे."

"विकशील."

"शपथ घेते, पंत!"

"शपथा काय, सगळेच घेतात."

सगुणाचं डोकं फिरलं. ती उठली ती तडक दरबारात जाऊन उभी राहिली. पंत धापा टाकत मागोमाग आले.

राजा रणधुरंधराने आयुष्यात एकही लढाई पाहिली नव्हती, पण वादात तो कुणाला हार जात नसे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मिशीवर ताव दिला.

"पंतांचं बरोबर आहे! गेल्या साली शिकायला आलेले सात जण इथेच राहिले. एकाने तर माझ्याच आचाऱ्याची मुलगी केली! तुला परवाना हवा? मग परत जाशील याचा पुरावा दे. शपथ चालणार नाही, जामीन चालणार नाही, घरदार चालणार नाही. तुझ्या गावच्या कुणाचा कागदही नको. माझ्याच माणसाच्या हातचा लेखी पुरावा हवा, आणि तोही आज सूर्यास्ताच्या आत!"

दरबारी गालातल्या गालात हसले. या मुलीला इथे ओळखतं कोण? एक हे पंत, आणि दुसरा वेशीवरचा नाईक. सगुणाचा चेहरा उजळला.

"महाराज, पुरावा तयारच आहे. वेशीवरच्या नाईकाची वही मागवा!"

नाईक वही घेऊन आला. राजाने स्वतः पानं उलटली. 'सगुणा, धोटेगावची. सकाळी आत. सूर्यास्ताआधी बाहेर.' पुन्हा तेच. पुन्हा तेच. तेरा वेळा!

"तुमच्याच माणसाच्या हातचं आहे, महाराज. एकदा तरी मी इथे लपून राहिले का?"

राजा चपापला, पण हटेल तर तो रणधुरंधर कसला! "हॅ! त्यात काय मोठंसं? काम झालं नाही म्हणून गेलीस. काम झाल्यावर कोण जातंय?"

"महाराज, तेराही वेळा मी रिकाम्या हाताने घरी गेले. दारात बाबा विचारायचे, 'झालं का गं?' आणि मी म्हणायची, 'उद्या.' तसलं तोंड घेऊन घरी जाणं किती जड असतं, ते माझं मला ठाऊक. तरी गेले! मग ज्या दिवशी या हातात त्यांचे डोळे बरे करायची विद्या असेल, त्या दिवशी मी जाणार नाही?"

राजाने मिशीवरचा हात खाली घेतला आणि तो खो खो हसत सुटला.

"हरलो बुवा! अहो पंत, तेरा वेळा परत पाठवून तुम्हीच की हो हिचा पुरावा तयार केलात!"

ही शाबासकी की चपराक, हे पंतांना कळेना. त्यांनी आपला मुजरा करून टाकला.

राजाने तिथल्या तिथे परवान्यावर शिक्का उमटवला. वर शालजोडी दिली, पाठशाळेत राहण्याजेवण्याची सोय लावून दिली आणि हुकूम सोडला, "माझा रथ जोडा! मुलीला थेट पाठशाळेत नेऊन पोचवा!"

सगुणाने परवाना पदरात घट्ट बांधला. "रथ चालेल, महाराज. पण आधी धोटेगावला न्यायला सांगा. बाबा दारात उभे असतील. त्यांना सांगते आणि दसऱ्याला हजर होते!"

राजा इतका हसला, इतका हसला, की मुकुट कानावर आला. मुकुट सावरत तो ओरडला, "नाईक, वही उघड! लिही, चौदाव्यांदा बाहेर!"