रेघेखालचं दही

एका राज्यात काळ्या दगडाचा एक रांजण होता, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. आत हत्ती उभा राहील एवढा. राजाची चाकरी करता करता ज्यांचे केस पिकले, त्यांना रोज सकाळी त्यातून एक वाटी दही मिळे. ते दही खाल्लं की गुडघे दुखत नसत, दात हलत नसत. दूध ओतायचं ते तरण्यांनी. रोज संध्याकाळी घरटी एक चरवी. आज ओतणारे ते उद्याचे खाणारे, म्हणून कुणी कुरकुरत नसे.

रांजणाच्या आत, तळापासून हातभर उंचीवर, तांबडी रेघ होती. रेघेखालचं दही काढायचं नाही. ते विरजण. मूळ राजाने तसं सांगितलं आणि मग तो डोंगराच्या पायथ्याशी शिळा होऊन बसला. त्या राज्यातले राजे मरत नसत, शिळा होत.

पुढे चंद्रभान गादीवर आला. मनाने चांगला, हाताने सढळ. राज्याभिषेकाच्या दिवशी तो म्हणाला, "म्हाताऱ्यांना आजपासून दोन वाट्या." मोठा जयजयकार झाला. रेघेवरचं दही निम्म्या रांगेतच संपलं. वाढप्याने हातातला डाव थांबवून राजाकडे पाहिलं.

"शब्द दिला आहे," राजा म्हणाला. "खाली डाव घाल."

रांगेच्या शेवटी सुभानजी नगारची होता. जन्मभर राजवाड्याचा नगारा वाजवलेला, ताठ कण्याचा, मोजकं बोलणारा. डाव तळाला घासला आणि तळाचं दही त्याच्या वाटीत पडलं. त्याने वाटी बोटाने पुसून खाल्ली.

विरजण संपलं, तरी दुसऱ्या दिवशी दही लागलं. दोन दोन वाट्या पुरेल एवढं लागलं. लोकांना नवल वाटलं. मग सवय झाली.

सुभानजीच्या घरी तो आणि त्याची मुलगी बायजा, दोघंच. बायजा संध्याकाळी चरवी घेऊन जाई. वर्षभरात तिचे केस पांढरे झाले, पाठ वाकली. ऐन विशीतली मुलगी. सुभानजीचे दात मात्र मोत्यासारखे.

एक दिवस दारी कासार आला. "आजोबा," म्हणाला, "थोरल्या बहिणीला बांगड्या भरायच्या का?"

बायजा हसली. "भरा, दादा. पण हात हळू धरा, म्हातारीचा आहे."

"ती माझी मुलगी आहे," सुभानजी म्हणाला. कासाराने बोचकं उचललं आणि तो निघून गेला.

संध्याकाळी बायजाने चरवी उचलली. सुभानजी आडवा आला. "आण इकडे. मी नेतो."

"तरण्यांनी ओतायचं असा हुकूम आहे, आबा."

"तू तरणी दिसत नाहीस."

"आणि तुम्ही म्हातारे दिसत नाही," बायजा म्हणाली, आणि चरवी घेऊन गेली.

दुसऱ्या सकाळी त्याने दह्याची वाटी तशीच खाली ठेवली. रांजणाच्या काठावर एक साळुंकी बसत असे. तिला विचारलं तर ती बोले. कुणी विचारत नसे. सुभानजीने विचारलं, "माझी मुलगी का पिकली?"

साळुंकी म्हणाली, "विरजणावाचून दही लागत नाही. तुम्ही विरजण खाल्लंत. आता रांजण दूध ओतणाऱ्यांचं वय विरजणाला घेतो. आणखी वर्षभर असंच चाललं, तर बायजाकडे द्यायला वय उरणार नाही."

"उपाय?"

"डोंगरापलीकडच्या चेटकिणीला माहीत."

सुभानजी भाकरी बांधून निघाला. चेटकीण गुहेच्या तोंडाशी वाघाच्या उवा काढत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"विरजण मागायला आलास. माझ्याकडे नाही. तीन कामं कर. शिळा झालेल्या राजाला विचार, रेघ का मारली. ते उत्तर जिवंत राजाला तोंडावर सांग. तिसरं काम मी सांगणार नाही. पहिली दोन नीट केलीस तर तुझं तुला कळेल. आता जा, वाघाला भूक लागली आहे."

सुभानजी शिळेपाशी गेला. विचारलं. तिच्या अंगावर शेवाळ होतं, ते त्याने पंच्याने पुसलं. मग शिळा बोलली.

"वाटीचं वचन मी दिलं. दूध माझं नव्हतं. म्हणून रेघ मारली."

एवढंच. सुभानजीने हात जोडले आणि दरबाराची वाट धरली.

दरबारात तो म्हणाला, "महाराज, आपण चुकलात."

भालदार पुढे सरसावले. राजाने त्यांना थांबवलं. "कुणाची चूक काढतोस, ठाऊक आहे?"

"आहे. निम्मी माझीच आहे. डाव आपण घातलात, वाटी मी पुसली." आणि त्याने शिळेचं उत्तर सांगितलं, रांजण काय खातो तेही सांगितलं.

राजाने बाजूला पाहिलं. तिथे युवराज बसला होता. तोही प्रजेसारखा रोज चरवी ओतत असे. त्याची दाढी कापसासारखी पांढरी होती.

"मला वाटलं, पोराला शहाणपण आलं," राजा हळू म्हणाला. मग म्हणाला, "पण म्हाताऱ्यांना दिलेला शब्द मागे घेऊ?"

"वाढवलेला मागे घ्या. मूळचा ठेवा."

"आणि विरजण कुठून आणायचं?"

तेव्हा सुभानजीला तिसरं काम कळलं. विरजण म्हणजे कालचं दही. दुसरं काय असतं?

सकाळी त्याने स्वतः नगारा वाजवला. सगळं गाव रांजणाभोवती जमलं. म्हातारे वाट्या भरून उभे. सुभानजीने आपली वाटी वर धरली.

"हे आपल्या पोरांचं वय आहे. रेघ भरेपर्यंत मी खाणार नाही."

रघोजी माहूत पुढे आला. "जन्मभर हत्ती हाकले तेव्हा ही वाटी कमावली, नगारची. भीक नाही ही."

"नाहीच. एक कमावली. दुसरी गिळली."

"आमचं काय ते पोरं बघतील."

"तीच बघताहेत, रघोजी. डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन."

सुभानजीने वाटी रांजणात उपडी केली. बायजाच्या कपाळावरची एक बट काळी झाली. सगळ्यांनी पाहिली. मग एकेक म्हातारा पुढे येऊ लागला. रघोजी जागचा हलला नाही. तेवढ्यात त्याचा नातू काठी टेकत आला. "आजोबा, जरा बसतो," म्हणाला आणि त्याच्या पायाशी टेकला. रघोजीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग वाटीकडे. वाटी ओतली आणि नातवाला खांद्यावर घेतलं.

सुभानजीचे गुडघे दुपारीच धरले. घरी जाताना त्याला बायजाच्या खांद्यावर हात ठेवावा लागला.

"दुखतं का, आबा?"

"नाही."

"मग लंगडता का?"

"तुझी चाल हळू आहे म्हणून."

रेघ भरेपर्यंत म्हाताऱ्यांना दही नव्हतं. पण कुणी उपाशी राहिला नाही. ज्या घरात जे शिजे, त्यातला पहिला घास म्हाताऱ्याचा. बायजा रोज सुभानजीच्या गुडघ्यांना तेल चोळी. तो पुरे म्हणे आणि पाय मागे घेत नसे. एका सकाळी तांबडी रेघ दह्याखाली दिसेनाशी झाली. बायजाची पाठ सरळ झाली, युवराजाची दाढी काळी झाली. राजाने दवंडी पिटवली: एक वाटी, आणि डाव रेघेच्या वर. मग तोही आपल्या वेळेला डोंगराच्या पायथ्याशी जाऊन बसला.

पुष्कळ वर्षं राजाची चाकरी करून बायजा त्याच रांगेत उभी राहिली. केस पांढरे होते, पण त्यांच्या वेळेला झालेले. वाढप्याने वाटी भरून दिली. तिने आत वाकून पाहिलं. रेघ दिसत नव्हती. मग ती भिंतीच्या सावलीत बसली आणि खाल्लं.

रांजण भरला, गोष्ट सरली. वरचं तुम्ही खा, खालचं येणाऱ्याला ठेवा.