कणगीतले वाळे

एकदा एक वृद्ध वैद्य देवीची लस टोचण्यासाठी शिष्याला घेऊन डोंगराकडच्या एका गावी गेले. वरची आळी त्यांनी स्वतः घेतली, खालची शिष्याला दिली. टोचणारे आले की मुले दडवायची, ही त्या मुलखाची रीतच होती.

खालच्या आळीतल्या शेवटच्या घरची बाई उंबऱ्यातच आडवी उभी राहिली. "पोरगा मामाकडं गेलाय," ती म्हणाली. तेवढ्यात आत, धान्याच्या कणगीत, लहान पोराचे वाळे वाजले. शिष्याने ते स्पष्ट ऐकले. पण दिवसभर शिव्या खाऊन तो विटला होता. "बरं," म्हणून तो वळला. भांडण टळले, की माणसाला काम झाल्यासारखेच वाटते.

दोन महिन्यांनी त्या गावात देवीची साथ आली. टोचलेली मुले वाचली. कणगीतला मुलगा गेला.

बातमी ऐकताच शिष्याने रडत रडत सारे सांगून टाकले. वैद्य त्याला घेऊन त्या घरी गेले. देवी आल्या म्हणून दारावर खोचलेला कडुलिंबाचा डहाळा वाळून गेला होता. म्हाताऱ्याने डोक्यावरचे पागोटे काढून त्या बाईच्या पायांशी ठेवले.

"माय, आम्हाला क्षमा कर."

ती पागोट्याकडे नुसती पाहत राहिली. मग तिने दार लावून घेतले.

वैद्य बोडक्या डोक्याने परत निघाले. शिष्याला ते बघवेना. "गुरुजी, खोटं ती बोलली. क्षमा तुम्ही का मागितलीत?"

"तिला सुई दिसत होती, रोग दिसत नव्हता. आई भिणारच. तुला रोग ठाऊक होता. अजाण माणसाची भीती हा अपराध नव्हे. जाणत्याने कंटाळा केला, हा अपराध. तिच्या अंगणात दिवसभर बसला असतास, तर कदाचित तिनं पोर बाहेर काढलं असतं. कदाचित नसतंही. पण आपलं बसणं राहून गेलं, आणि तुला पाठवणारा मीच होतो."



पुढच्या गावी एका बाईने दारातूनच सांगितले, "पोरगी न्हाई घरात." आत कुणीतरी दबक्या आवाजात खोकले. शिष्याने पेटी खाली ठेवली आणि अंगणातच बसकण मारली.

"असू दे, मावशी. तुम्हाला भीती कशाची वाटते, तेवढं सांगा. मी बसलोय."

उन्हे कलली, तरी तो उठला नाही.